आधी शेंडा बघा

माड पिवळा दिसला की बागायतदाराचा हात खताच्या पोत्याकडे जातो. माझं भांडण खताशी नाही, घाईशी आहे. पिवळेपणा कुठल्या झावळीवर आहे? खालच्या जुन्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या-नारिंगी होत वाळत असतील तर बहुधा पालाश कमी पडतंय. कोकणच्या पावसात जांभ्या मातीतून ते धुऊन जातं. तिथे आळ्यात शेणखत आणि म्युरेट ऑफ पोटॅश हप्त्याहप्त्याने द्यायला हरकत नाही. पण वाळलेली झावळी परत हिरवी होत नाही. सुधारणा नव्या झावळ्यांत दिसते, आणि माड महिन्याला जेमतेम एक झावळी काढतो.

सिंधुदुर्गातल्या एका बागेत मालक खताचा हिशेब मांडत होते. नारळ पाडणारा पाडेली म्हणाला, "आदी शेंडो बघूया, मगे खत," आणि वर चढला. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की माड गेला. पाडेल्याने मधली न उलगडलेली झावळी धरून ओढली. कोंबकुजव्यात ती सहज उपटून हातात येते आणि घाण वास सुटतो. मग कुजका भाग खरवडून बोर्डो पेस्ट लावावी लागते, तीही वेळेत.

ही झावळी घट्ट होती. शेजारच्या उलगडलेल्या झावळ्या मात्र कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी कातरलेल्या. काम गेंड्या भुंग्याचं. पण हे काप झावळी मिटलेली असतानाचे, म्हणजे जुने. भुंगा अजून आत आहे का, हे भोकातल्या ओल्या चोथ्यावरून कळतं. चोथा ताजा होता. आकडीच्या तारेने भुंगा बाहेर आला. वरच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरली.

पाडेली उतरल्यावर आम्ही शेणखताचा खड्डा उकरला. आत पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या. माडासाठी जपलेलं खतच भुंग्याचं पाळणाघर झालं होतं! खड्डा उपसायचा आणि मेटारायझियम बुरशी मिसळायची, असं ठरलं.

गेंड्या भुंग्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो, हे जास्त वाईट. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात; तांबूस द्रव झिरपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. तोडलेल्या झावळीची जखमही त्याला चालते, म्हणून हिरव्या झावळ्या तोडू नयेत. तोडायचीच वेळ आली तर देठाचा निदान मीटरभर लांब खुंट ठेवावा.