संगणकावर छायाचित्रें पाहतांना

दिवाळीच्या दुपारीं जेवणें आटोपलीं, कीं कपाटांतला आल्बम काढावयाचा आणि सतरंजीवर बसून त्याचीं काळीं पानें एकामागून एक उलटावयाचीं, हा कित्येक घरांतला परिपाठ होता. आतां आल्बम कपाटांतच राहतो आणि छायाचित्रें मेजावरच्या संगणकांत असतात. त्यांची संख्याही शेंदोनशें नसून वीस-वीस हजार असते. एवढा संग्रह पाहावा कसा, आणि पाहतांना पडद्यावर दिसतें त्यावर विश्वास किती ठेवावा, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

गेल्या वर्षीं आमचे जुने आल्बम स्कॅन करून मीं संगणकावर घेतले आणि मावशीला दाखविण्यासाठीं शेजारीं बसविलें. तिचें वय ८६. पडद्यावर इवल्या चित्रांच्या रांगा उमटल्या आणि मावशी हंसूं लागली. तिचें १९५८ सालचें लग्न तिच्या पणतीच्या बारशानंतर लागलें होतें!

हा दोष संगणकाचा म्हणावा, तर तसेंही नाहीं. छायाचित्राला दोन प्रकारच्या तारखा असतात. पत्र लिहिणारा कागदावर एक तारीख घालतो आणि टपालकचेरी पाकिटावर दुसरी उठविते, तसाच हा प्रकार. डिजिटल कॅमेरा चित्र टिपतो तेव्हां त्याच फाइलीच्या पोटांत दिवस, वेळ, भिंगाचें छिद्र किती उघडलें होतें, कॅमेरा उभा धरला होता कीं आडवा, हें सारें लिहून ठेवतो. या नोंदीची पद्धत जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनें १९९५ सालीं ठरविली. तिला एक्झिफ म्हणतात. ही झाली पत्रावरची तारीख. फाइल संगणकावर केव्हां आली वा केव्हां बदलली, ही दुसरी तारीख संगणक आपल्या दप्तरांत बाहेरून लिहितो. तो पाकिटावरचा शिक्का. स्कॅन केलेल्या जुन्या चित्राला पहिली तारीख बहुधा नसते, आणि असलीच तर ती स्कॅन केल्या दिवसाची असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रांतील आंतली नोंद सामान्यतः गळून पडलेली असते. कॅमेऱ्याचें घड्याळ चुकलेलें असेल, तर पत्रावरची तारीखही खोटीच. संग्रहासाठीं केलेल्या प्रोग्रॅममध्यें अनेक चित्रें एकदम निवडून तारीख दुरुस्त करतां येते. नुसतें साल ठाऊक असल्यास १ जानेवारी घालावी. मात्र दिवस अंदाजाचा आहे, हें वर्णनांत लिहावें. नाहीं तर पुढची पिढी मावशीचा लग्नदिवस १ जानेवारीसच धरील.

त्या इवल्या चित्रांविषयींही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हजारों चित्रें झरझर पुढें सरकतात, तीं मूळ चित्रें नव्हेत. संगणक प्रत्येकाची एक लहान प्रतिकृति करून वेगळी ठेवतो आणि प्रथम तीच दाखवितो. चित्र पडद्याएवढें मोठें केलें, तरी आपण सारें पाहत नाहींच. ४००० गुणिले ३००० बिंदूंच्या चित्रांत १ कोटि २० लक्ष बिंदु असतात, आणि १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर जेमतेम २१ लक्ष मावतात. बाकीचें पाहावयाचें तर चित्राचा एकेक भाग मोठा करून पाहावा लागतो. जुन्या फोटोंत हें सुख हवें असेल, तर स्कॅन करतांनाच कंजुषी करूं नये. सहा बाय चार इंचांचा फोटो इंचास ३०० बिंदूंनीं घेतला, तर अवघे साडेएकवीस लक्ष बिंदु मिळतात; मोठा करण्यास कांहीं उरत नाहीं. ६०० बिंदूंनीं घेतला, तर शहाऐंशी लक्ष मिळतात. मावशीच्या शाळेचा १९५३ सालचा वर्गफोटो मीं असा घेतला होता. आल्बममध्यें मसुराच्या दाण्याएवढे दिसणारे चेहरे पडद्यावर तळहाताएवढे झाले, आणि मावशी एकेकीचें नांव घेऊं लागली.

दोन दुपारीं मिळून तिनें साठांवर नांवें सांगितलीं. मीं तीं त्या प्रोग्रॅममध्यें चेहऱ्यांखालीं लिहिलीं आणि निश्चिंत झालों. पुढें नवा संगणक घेतला, चित्रें त्यावर उतरविलीं, आणि पाहतों तों एकही नांव नाहीं! प्रोग्रॅमनें तीं चित्रांत लिहिलींच नव्हतीं; आपल्या निराळ्या वहींत टिपलीं होतीं, आणि ती वही जुन्या संगणकाबरोबर गेली. चेहरे जुळविण्याची नवी विद्या मोठी चतुर आहे, पण ती फक्त ‘हा चेहरा त्या चेहऱ्यासारखा’ एवढेंच सांगते. मावशीला आणि तिच्या बहिणीला तिनें एकच ठरविलें. नांव माणसासच सांगावें लागतें.

यावर उपाय आहे. वृत्तपत्रांसाठीं काढलेल्या चित्रांचीं वर्णनें फाइलीच्या आंतच राहावींत, म्हणून आय. पी. टी. सी. या आंतरराष्ट्रीय संस्थेनें जागा ठरवून दिल्या आहेत. घरगुती चित्रांनाही त्या चालतात. डिजिकॅम नांवाच्या फुकट प्रोग्रॅममध्यें माहिती चित्राच्या फाइलींत लिहिण्याची सोय आहे. ती चालू आहे ना, हें सेटिंगमध्यें पाहावें. खात्री करण्याची रीत सोपी: एक चित्र पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या संगणकावर उघडावें. तेथें वर्णन दिसलें, तर तें चित्रांत आहे. शेंकडों चित्रांवर श्रम घेण्यापूर्वीं ही पांच मिनिटें मीं खर्चिलीं नाहींत.

यंदा पुन्हां मावशीला वर्गफोटोपुढें बसविलें. या खेपेस चाळीसच नांवें आलीं. तिसऱ्या रांगेंतील डावीकडून चौथ्या मुलीपाशीं ती बराच वेळ थांबली, चेहरा आणखी मोठा करावयास सांगितला, आणि मग मान हलविली. ती जें बोलली, तें मीं तसेंच वर्णनाच्या जागीं लिहिलें आहे: ‘नांव आठवत नाहीं. डबा नेहमीं माझ्याबरोबर खाई.’