आधी थोडं 'ढ' होऊ या!

ऑफिसात आपण सगळे एक्स्पर्ट. पण वीकएंडच्या जपानीच्या क्लासला पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं गिरवायची वेळ आली, की कोण टिकतं आणि कोण गळतं? दोन वर्षं मागच्या बाकावरून केलेली ही पाहणी.

रविवारी सकाळी साडेसातला पुण्यात जागं कोण असतं? पर्वती चढणारे काका, 'वैशाली'त टेबलासाठी ताटकळणारी कॉलेजची पोरं आणि तिसरी जमात म्हणजे आम्ही. पाठीला सॅक, हातात चौकटीची वही, डोळ्यांवर झोप. जपानीचा क्लास, बॉस!

पुण्याला हे वेड काही नवं नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, सिंहगड रोडवर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं पु. ल. देशपांडे उद्यान आहे, आणि पेठांमधल्या जुन्या इमारतींच्या पहिल्या मजल्यांवर छोटे छोटे खासगी क्लास आहेत. आमचा त्यातलाच एक. पंख्याचा आवाज सेन्सेइंच्या आवाजापेक्षा मोठा.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी : जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात. एन-५ सगळ्यात खालची, एन-१ शिखर. परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात. पहिल्या दिवशी आमच्या बॅचमध्ये सत्तावीस जण होतो. एन-४ च्या वर्गात पोचलो तेव्हा अकरा. मी फ्रीलान्सर असल्यामुळे माणसं न्याहाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे कोण का गळतंय याचा नाद लागला. आणि एक गोष्ट लवकरच लक्षात आली, की उरलेले अकरा जण काही सगळ्यात हुशार अकरा नव्हते. अजिबातच नव्हते!

हुशारातला हुशार होता एक टीम लीड. एमबीए, फाडफाड इंग्रजी. जपानीतली हिरागाना ही ४६ अक्षरांची लिपी पठ्ठ्यानं दोन दिवसांत पाठ केली. आम्ही तोंडात बोट घालून बघत राहिलो. काही महिन्यांत स्वारी गायब.

पहिले तीन महिने हनिमून

गंमत अशी, की मराठी माणसाला जपानी सुरुवातीला फार लाडानं वागवते. आपण 'मी कॉफी पितो' म्हणतो, जपानी माणूसही 'मी', मग 'कॉफी', मग 'पितो' याच क्रमानं बोलतो. क्रियापद शेवटी. 'टोकियोला'मधला 'ला' आपल्यासारखाच शब्दाच्या मागे चिकटतो. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी चक्क 'का' लावायचा : 'इकिमासु का?' म्हणजे 'जाता का?' आणि 'हवा छान आहे ना' मधल्या 'ना'च्या जागी त्यांचा 'ने'. हे दोन्ही निव्वळ योगायोग असले तरी पहिल्या आठवड्यात सॉलिड भाव खायला पुरतात.

लिपीचा क्रम मात्र योगायोग नाही. स्वर आ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची वर्णमाला तिकडे गेली, तिचा हा ठसा. बालवाडीत आपण जे घोकलं त्याच रांगेत ते उभे आहेत.

त्यामुळे तीन महिने सगळेच हुशार. चौथ्या महिन्याच्या आसपास ते-फॉर्म येतो आणि वर्गात शांतता पसरते. 'नोमु' (पिणे) चं 'नोन्दे', 'काकु' (लिहिणे) चं 'काइते', 'हानासु' (बोलणे) चं 'हानाशिते'. नियम लावून 'इकु' (जाणे) चं 'इइते' केलंत तर चूक, ते 'इत्ते'. वास्तविक हेही आपलंच. 'उठून, दात घासून, चहा पिऊन ऑफिसला गेलो' यातलं प्रत्येक 'ऊन' म्हणजे ते-फॉर्म. पण सेन्सेइ एकेकाला उभं करून फटाफट विचारतात, आणि विचार करायला दोन सेकंदही मिळत नाहीत.

टीम लीडची विकेट इथेच पडली. त्याला ते-फॉर्म येत नव्हता अशातला भाग नाही. त्याला सगळ्यांसमोर चुकणं येत नव्हतं. सोमवार ते शुक्रवार ज्याच्या एका मेलवर पंधरा माणसं हलतात, त्याला रविवारी शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी 'इइते नाही, इत्ते' असं सांगते. दोनदा झालं. तिसऱ्या रविवारी 'क्लायंट कॉल' आला, चौथ्या रविवारी पण आला. पुढं काय झालं ते सांगायलाच नको.

शाळेत आपल्याला 'ढ' या अक्षराची इतकी धास्ती बसलेली असते, की पुढं नोकरीत स्थिरावल्यावर जिथे आपण ढ ठरू अशा खोलीत आपण पाऊलच टाकत नाही. आणि नवं काही शिकायचं तर तीच एक खोली असते.

काकू-सान

आमच्या बॅचची स्टार होती एकसष्ट वर्षांची. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, आम्ही त्यांना 'काकू-सान' म्हणायचो. लेक-जावई नागोयात. पाच वर्षांचा नातू तिथल्या बालवाडीत जातो आणि व्हिडिओ कॉलवर दिवसेंदिवस मराठी विसरत चाललाय. आधी तो मराठीत उत्तर द्यायचा, मग 'हो-नाही'वर आला, मग आईकडे बघून जपानीत काहीतरी पुटपुटायला लागला. काकू-साननी लेकीशी भांडण नाही काढलं. सरळ क्लासची फी भरली.

सुरुवातीला त्यांचं पाठांतर आमच्यात सगळ्यात कच्चं. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी आमच्यातल्या कुणाकडेच नव्हती. 'सेन्सेइ, मला हे कळलं नाही. परत सांगता का?' हे वाक्य त्या एका तासात चार वेळा, तेही आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान सेन्सेइंना, जराही न ओशाळता म्हणायच्या. आम्ही सगळे खाली वहीत बघत कान टवकारायचो, कारण कळलेलं आम्हालाही नसायचं!

एकदा नातवाला कौतुकानं म्हणाल्या, 'मी तुझी ओबासान!' पोरगं खो खो हसत सुटलं. 'ओबासान' म्हणजे काकू किंवा मावशी, आजीला 'ओबाआसान', मधला 'आ' लांबवायचा. आपल्या कानाला दोन्ही सारखंच. पुढच्या रविवारी त्यांनी हा किस्सा वर्गाला स्वतःहून सांगितला आणि म्हणाल्या, 'आता तो रोज माझी परीक्षा घेतो. फोन केल्या केल्या पहिलं तेच.' कॉल दोन मिनिटांचा होता, तो पंधरा मिनिटांचा झालाय.

त्यांची अभ्यासाची पद्धत बघायला मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. टेबलावर मिठाईची तीन रिकामी खोकी. 'रोज', 'आठवड्याला' आणि 'महिन्याला'. कार्डाच्या एका बाजूला चिन्ह, मागे उच्चार आणि अर्थ. आठवला तर कार्ड पुढच्या खोक्यात, नाही आठवला तर परत 'रोज'मध्ये. मी म्हटलं, 'काकू, हे कुठं वाचलंत?' तर म्हणे, 'अगं, थकलेल्या कर्जदारांच्या फायली अशाच लावायचो आम्ही.' आता, हीच पद्धत सेबास्टियन लाइटनर या विज्ञानावर लिहिणाऱ्या जर्मन लेखकानं १९७२ साली पुस्तकात मांडली होती, आणि आजची कार्डांची मोबाइल अ‍ॅप्स याच तत्त्वावर चालतात. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, हेर्मान एबिंगहाउस यानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून दाखवून दिलं होतं, की विसरण्याचा वेग पाठ केल्यानंतर लगेच सगळ्यात जास्त असतो, मग मंदावतो. थोडक्यात काय, तर विसरण्यात आपल्या डोक्याचा दोष नाही. विसरायच्या बेतात असताना परत आठवून बघणं, एवढंच आपल्या हातात.

'कळलं' आणि 'येतं'

इथे एक मोठा चकवा आहे, आणि ऑफिसवाली मंडळी त्यात हमखास सापडतात. पुस्तक चार वेळा वाचलं, रंगीत पेनानं रेघा मारल्या, सगळं ओळखीचं वाटायला लागलं की आपण म्हणतो, 'येतंय की!' रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग यावर मस्त बोट ठेवतो. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं, लिहून काढणारे पुढे! आणि गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहणार याची खात्री जास्त वाटत होती ती वाचणाऱ्यांना.

कांजी चिन्हांच्या बाबतीत हा चकवा फार छळतो. जपानमधल्या नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीत २,१३६ कांजी आहेत. त्यातलं 'जीवन' या अर्थाचं एकच चिन्ह घ्या. विद्यार्थी म्हणजे 'गाकुसेइ', तिथं ते 'सेइ'. जन्मभर म्हणजे 'इश्शो', तिथं 'शो'. 'इकिरु' म्हणजे जगणे, तिथं 'इ'. 'उमारेरु' म्हणजे जन्मणे, तिथं 'उ'. आणि कच्चं किंवा ताजं म्हणायचं असेल तर 'नामा'. चेहरा ओळखीचा म्हणून नाव आठवेलच असं नाही. मोबाइलवर रोज दोन मिनिटं टिचक्या मारून चारशे दिवसांची 'स्ट्रीक' मिरवणारा एक मुलगा आमच्यात होता, त्याला पाटीवरचं एक वाक्य सलग वाचता येत नव्हतं. स्ट्रीक सांभाळणं हा एक वेगळाच छंद आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

आणि आवड? 'पॅशन असेल तर सगळं जमतं' हा फंडा मला फारसा पटलेला नाही. अ‍ॅनिमेचे डाय-हार्ड फॅन आमच्यात पाच होते. त्यातल्या एकानं पहिल्याच आठवड्यात सेन्सेइंना 'ओमाए' म्हटलं. म्हणजे बाईंना वर्गात 'ए, तू!' सेन्सेइ हसून हसून बेजार झाल्या. पाचातले दोन टिकले. ओमाएवाला त्यातला एक, कारण त्यानं नंतर बसून आदरार्थी रूपं घोटली, जी त्याच्या कुठल्याच हिरोच्या तोंडी नव्हती.

गळालेल्या सगळ्यांवर 'चिकाटी नाही' असा शिक्का मारणं मात्र अन्याय होईल. एकीला नाइट शिफ्ट लागली. एकाच्या घरी बाळ आलं. एकाला फीचा पुढचा हप्ता जड गेला आणि तो ते कुणालाच बोलला नाही. गुणांवर लेख लिहिताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

मधला लांबलचक पट्टा

एन-४ नंतर एक विचित्र काळ येतो. आधी दर आठवड्याला प्रगती दिसत होती, आता सहा सहा महिने जागेवरच उभं असल्यासारखं वाटतं. कारण साधं आहे. सुरुवातीचे पाचशे शब्द प्रत्येक वाक्यात भेटतात, त्यामुळे एक शब्द शिकला की लगेच वसूल. पुढचे शब्द महिन्यातून एकदा भेटतात. मेहनत तेवढीच, दिसणारं फळ कमी. हा पट्टा पार करायला हुशारी कामाची नाही.

बॅचमधल्या एका टेस्टिंग इंजिनिअरचं उदाहरण देते. हिंजवडीत नोकरी, क्लायंट जपानी. एन-३ झालं तर ऑनसाइटची संधी, असं मॅनेजरनं सांगितलेलं. घरी बहिणीच्या लग्नाचं कर्ज, त्यामुळे ऑनसाइट म्हणजे हौस नव्हती. एन-३ ला पास व्हायला १८० पैकी ९५ गुण लागतात. याला मिळाले १०४. आणि तरी नापास! कारण तिन्ही विभागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९ हवेत, आणि ऐकण्याच्या विभागात याला १७.

दोन गुण. दुसरा कुणी असता तर परीक्षेच्या नावानं शिमगा केला असता. यानं निकालाचा कागद बग रिपोर्टसारखा वाचला. व्याकरण ठीक, वाचन ठीक, कान कच्चा. मग क्लास बदलला नाही की नवी पुस्तकं आणली नाहीत. कर्वे पुतळा ते हिंजवडी कंपनीच्या बसमध्ये दोन मिनिटांचा एकच संवाद आठवडाभर ऐकायचा. आधी नुसता, मग ऐकू येईल तसा लिहून, आणि शनिवारीच छापील मजकूर उघडून ताडून बघायचं. परीक्षेत टेप एकदाच वाजते, म्हणून शेवटच्या दिवशी तोही एकदाच ऐकायचा. डिसेंबरच्या परीक्षेत ऐकण्यात ३१ पडले. पास.

तोवर ऑनसाइटचं बजेट कापलं गेलं होतं. मॅनेजर 'सॉरी यार' म्हणाला. मी त्याला विचारलं, 'मग आता?' खांदे उडवून म्हणाला, 'मग काय, एन-२ चा फॉर्म भरला.' कर्ज अजून फिटायचंय. दुसऱ्या जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे, पुण्यातूनच.

पण परवाच्या कॉलची गोष्ट त्यानं मला रंगवून सांगितली. डिलिव्हरीची तारीख आठवडाभर पुढे मिळेल का, असं टीमनं विचारलं. तिकडून आवाज आला, 'चोत्तो...' आणि शांतता. 'चोत्तो' म्हणजे 'जरा', पण असं अर्धवट सोडलं की तो सभ्य नकार असतो. बाकीची टीम पुढचं वाक्य येईल म्हणून कान देऊन बसलेली, आणि यानं तोवर म्यूटवर जाऊन शनिवारी कोण कोण येऊ शकतं ते विचारायला सुरुवात केली होती.