एक वही आपल्या हाताची

रांगोळी काढणाऱ्या बाईचा हात कधी थरथरत नाही. ठिपक्याला ठिपका जोडत पाच मिनिटांत ती दारात कमळ उमटवते, कुयरी वळवते, गोपद्मं काढते. भरतकाम करणारीला रंगसंगती शिकवावी लागत नाही, आणि रोज वीस पोळ्या लाटणारीला गोल कसा काढायचा हे कुणी सांगू नये! आणि तरीही याच बाईच्या हातात कोरा कागद नि पेन्सिल दिली, की ती चटकन म्हणते, "छे हो, मला कुठलं चित्र काढता येतंय!"

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पालकसभेला आलेल्या आयांशी बोलताना कळतं, की त्यांच्यापैकी कितीजणींनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असतात. लग्नानंतर मात्र ब्रश हातात धरलेला नाही. धरला तर तो मुलांच्या प्रकल्पाच्या वह्या रंगवायला, रात्री साडेदहानंतर.

खरं सांगायचं तर आपल्या हातून रोज किती सुंदर गोष्टी होतात! पण रांगोळी दुसऱ्या दिवशी केरसुणीखाली जाते, सजवलेलं ताट तासाभरात रिकामं होतं, विणलेला स्वेटर मुलाला लहान होतो. आपल्या हातचं आपल्याजवळ काही उरतच नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की मैत्रिणींनो, एक चित्रवही करा. ती कुणाला भेट द्यायची नाही, स्पर्धेला पाठवायची नाही. आपण काय पाहिलं याची ती नोंद.

वही आणि साहित्य

शाळेची पातळ कागदाची वही नको. पाण्याचा हात लागला, की तिची पानं पापडासारखी वाकतात. जाड कार्ट्रिज कागदाची, पर्समध्ये मावेल अशी लहान वही घ्यावी. कागद साधारण १५० ग्रॅमचा असला तर हलका रंग सोसतो, आणि वर कागद-कापडाचे तुकडेही चिकटवता येतात.

दोन पेन्सिली पुरेत, एक एच.बी. आणि एक ४बी. शिवाय पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं पेन, मुलांच्या खोक्यातले मेणखडू, जलरंगाच्या वड्या आणि डिंक. बाकीचं साहित्य स्वयंपाकघरात आहेच. कोऱ्या चहाचा लेप दिला, की जुन्या कागदाची छटा मिळते. गोकर्णाची फुलं गरम पाण्यात चुरली तर निळा रंग उतरतो, त्यात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो. हळदीचा पिवळा फार सुरेख, पण उन्हात उडून जातो. तेव्हा ती पानं मिटलेल्या वहीतच बरी, भिंतीवर लावू नयेत.

एका चित्रात असं निरनिराळं साहित्य वापरण्याचा मोठा फायदा म्हणजे भीती जाते. एक रेघ मनासारखी आली नाही, तर तिच्यावर रंग येतो, रंगावर कागदाचा तुकडा येतो. गोधडीत नाही का आपण विरलेल्या जागी नवा तुकडा लावत? तसंच हे.

सुरुवात कुंडीपासून

निसर्गचित्र म्हणजे डोंगर, नदी आणि मधे उगवणारा सूर्य, हे शाळेतच राहू द्या. आपण गॅलरीतल्या कुंडीपासून सुरुवात करावी. कढीलिंबाची एक काडी घ्या. तिच्या पानांची रचना पाहायला दहा मिनिटं लागतात, आणि आजवर फोडणीत टाकण्यापूर्वी आपण तिच्याकडे धड पाहिलेलंच नसतं.

पानाचा ठसा घेणं सर्वांत सोपं. पानाची मागची बाजू, जिथे शिरा उठून दिसतात, तिला रंग लावावा, कागदावर ठेवून वरून दुसरा कागद दाबावा. ठसा वाळला, की त्याच्या शेजारी तेच पान पेन्सिलीने काढावं. पिंपळपान तर लहानपणी आपण सगळ्यांनीच पाण्यात कुजवून, त्याची जाळी करून पुस्तकात जपलेलं आहे. तशी जाळी पानावर डिंकाने चिकटवा आणि खाली चहाचा हलका लेप द्या.

वर्षभर वही चालवायची तर पंचांगच हाताशी असल्यासारखं आहे. फाल्गुनात पळस, वैशाखात बहावा, भाद्रपदात गौरींसाठी आणलेला तेरडा. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते. ते चित्रात दाखवता नाही आलं तरी शेजारी लिहून ठेवावं. चित्रवहीत लिहायला बंदी नाही.

संग्रहालयात पेन्सिल घेऊन

संग्रहालयात आपण बहुधा मुलांना घेऊन जातो, आणि 'चला, पुढे चला' करत तासाभरात बाहेर पडतो. आता तर प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो निघतो आणि पाहणं राहूनच जातं. एकदा एकट्याने जाऊन पाहा. शंभर वस्तू पाहू नका, दोनच काढा.

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, गावोगावी फिरून या वस्तू जमवल्या, आणि बालपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं. तिथे तलवारी कमी आणि घरातल्याच वस्तू जास्त. समया नि दिवे, फण्या, स्वयंपाकाची भांडी, टाचा घासायच्या वज्र्या, आणि अडकित्ते तर किती तऱ्हांचे! साधी सुपारी कातरायची, पण त्यासाठीही कारागिराने पक्षी, घोडे, माणसं घडवली. या वस्तू वर्षानुवर्षं ज्यांनी हाताळल्या, त्या बायकांची नावं कुठेच नाहीत. चित्र काढत अर्धा तास एका अडकित्त्यासमोर उभं राहिलं, की त्यांचा हात कुठे असेल, मूठ कशी वळत असेल, हे आपोआप दिसू लागतं.

तिथे काही शिस्त पाळावी. चित्र काढायला परवानगी आहे ना, हे आधी विचारावं. आत फक्त पेन्सिल वापरावी, पाणी-रंग बाहेर काढू नयेत. काचेला टेकू नये. रंग घरी भरायचे असल्याने त्यांची नावं चित्रातच लिहून आणावीत. त्यासाठी परकी नावं शोधायची गरज नाही. साडीच्या दुकानात आपण आमसुली, मोरपंखी, श्रीखंडी, अबोली, विटकरी, चिंतामणी असे कितीतरी रंग नावाने ओळखतो की! पितळेच्या समईशेजारी 'वर श्रीखंडी, खाली आमसुली' एवढं लिहिलं, की घरी चार दिवसांनीही तो रंग डोळ्यांसमोर उभा राहतो.

पितळ रंगवायची एक युक्ती सांगते. जिथे चकाकी आहे तिथे कागद कोराच सोडावा. बाकी भागावर पिवळा मेणखडू फिरवावा आणि वरून तपकिरी जलरंग द्यावा. मेणावरून पाणी निसटतं आणि मधल्या फटींत रंग बसतो, अगदी नक्षीत साचलेल्या काळपटपणासारखा. शेवटी ४बी पेन्सिलीने सावली गडद करावी.

पुण्याबाहेरच्यांनी हिरमुसू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्गेतिहासाचं दालन आहे, तिथले पक्षी जागचे हलत नाहीत! कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, समुद्रदेव पोसायडनची इवलीशी कांस्यमूर्ती आहे. साताऱ्याजवळ औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं १९३८ सालचं श्रीभवानी संग्रहालय आहे. जाण्यापूर्वी वेळ आणि सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्यावा.

एक इंग्रज बाई

'पीटर रॅबिट'च्या गोष्टी लिहिणारी बिॲट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) मुलांमुळे आपल्याला माहीत असते. ती तरुणपणी अळंब्यांची बारीक चित्रं काढत असे. त्या अभ्यासावर तिने लिहिलेला निबंध १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण तिला तिथे हजर राहता आलं नाही, कारण त्या सभांना स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तिने वही मात्र मिटली नाही. लंडनच्या संग्रहालयात अठराव्या शतकातले भरतकामाचे कपडे समोर ठेवून तिने चित्रं काढली आणि १९०३ साली आलेल्या, ग्लॉस्टरच्या शिंप्याच्या गोष्टीत ती वापरली. तिच्या अळंब्यांची चित्रं आजही अभ्यासक पाहतात.

वेळ आणि घरची माणसं

"हे सगळं खरं, पण वेळ कुठाय?" हा प्रश्न येणारच. रोज नकोच. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पुरेत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत काकडीचा आडवा काप काढून होतो. "हे काय नवीन खूळ?" असं कुणी म्हटलं तर उत्तर देत बसू नये, वही उघडून काम करत राहावं.

आमच्या सासूबाईंचं वय ७८. अलीकडे त्यांना नावं आठवत नाहीत, कधी शेजारणीचं, कधी नातवाचं. त्यामुळे बोलणंच कमी केलं होतं त्यांनी. एकदा माझी वही त्यांच्या हाताशी राहिली. अडकित्त्याच्या पानावर बोट ठेवून त्या आपणहून सांगू लागल्या. त्यांच्या आईची पानाची चंची कशी होती, तिला किती कप्पे होते, चुनाळं कुठल्या कप्प्यात आणि कात कुठे, लग्नघरी सुपारी कातरायला बायका कशा ओळीने बसत. मी ऐकत ऐकत समोरच्या पानावर चंची काढली. त्यांनी पेटीतला खणाचा एक जुना तुकडा आणून दिला, तो मी तिच्यावर चिकटवला. आता दर रविवारी एक वस्तू त्या सांगतात आणि मी काढते. आमच्या घरी त्यातली एकही वस्तू उरलेली नाही. सांगणारी आहे तोवर हे काम उरकायला हवं, असं मला वाटतं.

तुमच्याही घरी, माहेरी असं कुणी असेलच. तेव्हा या आठवड्याच्या वाणसामानाच्या यादीत एक वही लिहा. पहिल्या पानावर कढीलिंब चालेल. खाली तारीख घाला आणि आपलं नाव घालायला विसरू नका.