परसातील द्विवर्षायू वनस्पती

घरामागे चार हात जागा असली, की आपण तीत काहीतरी लावतोच. मेथी-कोथिंबीर पेरली तर महिन्या-दीड महिन्यात जुडी हाती येते. आंबा-नारळ लावणारा नातवांसाठीच लावतो. या दोन टोकांच्या मध्ये वनस्पतींचा एक वर्ग असा आहे, की तो रोज आपल्या ताटात असूनही त्याचे पुरते आयुष्य आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल. कांदा, गाजर, बीट, कोबी ही त्या वर्गातली मंडळी. कांद्याचे फूल कसे असते, असे एखाद्या सुशिक्षित घरात विचारून पाहावे. बहुधा उत्तर मिळणार नाही. कारण साधे आहे. फूल यायच्या आत आपण कांदा खाऊन टाकलेला असतो!

अशा वनस्पतींना शास्त्रात द्विवर्षायू म्हणतात. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वनस्पतींचे आयुर्मान दाखविण्यासाठी ज्योतिर्गोलांची चिन्हे योजली. वर्षायू वनस्पतीला सूर्याचे, द्विवर्षायूला मंगळाचे आणि बहुवर्षायूला गुरूचे. मंगळाला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास ६८७ दिवस, म्हणजे दोन वर्षांना थोडे कमी, लागतात; गुरूला सुमारे बारा वर्षे. योजना मोठी समर्पक आहे. मात्र कांद्याला मंगळ आहे म्हणून कोणी पत्रिका काढून बसू नये!

या वनस्पतींचा संसार पाहण्यासारखा असतो. पहिल्या हंगामात त्या केवळ मिळवतात आणि साठवतात. गाजर आणि बीट मुळात साठवतात, कांदा पानांच्या मांसल बुडख्यांत साठवतो, कोबी पानांतच. दुसऱ्या हंगामात ही सारी पुंजी बाहेर निघते. मधून दांडा उंच चढतो, त्यावर फुले येतात, बी धरते, आणि बी पिकले की झाड वाळून जाते. आपण बाजारातून आणतो ती भाजी म्हणजे त्या झाडाने पुढच्या पिढीसाठी शिलकीत टाकलेली ठेव होय.

पण दुसरा हंगाम आला, हे झाडाला कळते कसे? उत्तर आहे थंडीने. जर्मन शास्त्रज्ञ गासनर याने १९१८ साली राय या धान्यावर प्रयोग करून दाखवून दिले, की हिवाळी जातींना काही काळ थंडी लागल्याखेरीज त्या वेळेवर फुलत नाहीत. थंडीने फुलण्याची पात्रता येण्याच्या या क्रियेला मराठीत वासंतीकरण असे सुरेख नाव आहे. वसंत फुलवतो असे आपण म्हणतो. खरे पाहता या झाडांच्या वसंताची तयारी शिशिराने केलेली असते.

आपल्या आजीबाईच्या बटव्यातील खुरासनी ओवा या बाबतीत शास्त्रज्ञांचा मोठा सहायक ठरला. त्याचे काही वाण वर्षायू असतात आणि काही द्विवर्षायू. थंडी लागून फुलण्यास सिद्ध झालेल्या झाडाची फांदी थंडी न लागलेल्या द्विवर्षायू झाडावर कलम केली, तर तेही झाड फुलते, असे मेल्शर्स या शास्त्रज्ञाला आढळले. १९५७ साली आंतोन लांग याने जिबरेलिन या द्रव्याचा उपयोग करून थंडीवाचून गाजराला फुलविले. पुढे १९९९ मध्ये, मोहरीच्या कुळातील एका लहानशा वनस्पतीत, फुलणे अडवून धरणारा एक जनुक सापडला. थंडी काय करते, तर या द्वारपालाला हळूहळू गप्प करते.

हे शास्त्र परसात उपयोगी पडते ते असे. विलायती गाजर आणि कोबी यांना लागणारी दीर्घ थंडी महाराष्ट्राच्या पठारावर मिळत नाही. म्हणून त्यांची भाजी आपल्याकडे उत्तम होते, पण बियाण्यासाठी कुलूच्या खोऱ्यासारख्या थंड प्रदेशाकडे पाहावे लागते. गुलखैऱ्यासारखी फुलझाडे युरोपात द्विवर्षायू म्हणून वाढवतात. आपल्याकडे ती ऑक्टोबरात पेरली तर उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात, आणि आपण त्यांना हंगामी फुलझाडे समजतो. कांद्याची गोष्ट मात्र निराळी. आपल्या देशी कांद्याला थोडी थंडी पुरते, आणि पुण्या-नाशिकाकडच्या हिवाळ्यातील रात्री ती त्याला देतात. म्हणून द्विवर्षायू वनस्पतीचे सबंध आयुष्य घरी पाहायचे असेल, तर आमची शिफारस कांद्याची आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफ्यात बी टाकावे. सहा ते आठ आठवड्यांनी रोपे लावावीत. रोपे फार वाढू देऊ नयेत. अगदी कोवळ्या रोपाला थंडीची खूण कळत नाही, पण जून, जाड रोपाला ती कळते, आणि ते पहिल्याच हंगामात दांडा काढते. यालाच डेंगळे येणे म्हणतात. असा कांदा पोसत नाही आणि टिकतही नाही. असल्या उतावळ्या झाडाचे बी कधीही धरू नये. नाहीतर तोच गुण पुढच्या पिढीत उतरतो.

एप्रिलच्या सुमारास माना पडल्या की कांदे काढावेत, पातीसह सावलीत सुकवावेत आणि मग निवड करावी. मध्यम आकाराचे, एकसारख्या रंगाचे, बारीक मानेचे आणि जोड नसलेले कांदे बियाण्यासाठी बाजूला काढावेत व पावसाळाभर हवेशीर जागी पसरून ठेवावेत. घरच्या माणसांना ते खाऊ न देणे, हे या कामातले सर्वांत अवघड अंग आहे! दिवाळीच्या सुमारास, न सडलेल्या कांद्यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापून खालचा भाग वीतभर अंतराने लावावा. पाण्याचा निचरा चांगला हवा. मग पोकळ दांडे वर येतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचे गोल गोंडे धरतात. एकेका गोंड्यात शेकडो फुले असतात. त्यांतील पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर मागाहून, म्हणून परागाची ने-आण मधमाश्यांनीच करावी लागते. फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक फवारणे म्हणजे आपल्याच घरी आलेल्या कामकऱ्यांना मारणे होय. जवळपास दुसऱ्या जातीचा कांदा फुललेला असला, तर बी शुद्ध राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मार्च-एप्रिलमध्ये गोंड्यांतील काही बोंडे फुटून काळे बी दिसू लागले, की गोंडे कापून सुकवावेत आणि हाताने चोळून बी काढावे. पहिल्या पेरणीपासून इथवर दीड वर्ष होते.

आता मुख्य गोष्ट. कांद्याचे बी फार अल्पायुषी असते. आपल्या दमट हवेत साध्या डब्यात ठेवलेले बी वर्षभराने झपाट्याने निकामी होऊ लागते. आम्ही एकदा मोठ्या हौसेने बी काढले, डब्यात भरले आणि पुढच्या हंगामात अन्य कामांच्या गडबडीत पेरायचे राहून गेले. दोन पावसाळे उलटल्यावर पेरले, तेव्हा वाफ्यात गवताखेरीज काही उगवले नाही. दोन वर्षांचे काम, आणि ते एका वर्षाच्या हयगयीने गेले! तेव्हापासून बी पूर्ण सुकवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवतो, आणि पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून किती रुजतात ते मोजतो. सत्तरच्या वर रुजले तर बी पेरण्यास योग्य समजावे.

यावरून दिसेल, की अशा पिकाचा वाण पेटीत ठेवून जतन होत नाही. तो दरवर्षी कोणीतरी जमिनीत जिवंत ठेवावा लागतो. शिवाय एका घराने दोन-चार कांद्यांचे बी पिढ्यानपिढ्या धरले, तर वाण दुबळा होत जातो. बियाण्याचे कांदे पुष्कळ हवेत. एका परसाला हे झेपणारे नाही. पण आळीतल्या आठ-दहा घरांनी एकाच जातीचे कांदे निवडून एकाच्या अंगणात ते लावले आणि बी वाटून घेतले, तर ते सहज जमते. यंदा कांदे पोसणारे घर आणि बी धरणारे घर निरनिराळे असले तरी चालेल. साखळी मात्र तुटता कामा नये.

पहिल्या वर्षीचा लाभ तर सर्वांनाच घेता येतो. पण त्यातले थोडे राखून दुसऱ्या वर्षाची वाट पाहील, त्याच्याच घरी पुढचे बी राहील. या उन्हाळ्यात घरी कांदे आले, की स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी त्यांतले वीस चांगले कांदे निवडून वेगळे ठेवावेत, एवढीच श्रोत्यांना आमची विनंती आहे.