दुसरीचं वाचन, एम.ए.चं काम

सकाळी ८.५०. वाडा गावाचा एसटी स्टँड. सॅकमध्ये राइटिंग पॅड, पेन्सिली आणि तीस झेरॉक्स. पान दोन रुपयांनी, म्हणजे साठ गेले. तिकीट मात्र अर्धं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मंच भाडं. ती शिक्षणशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय: दुसरीतली मुलं मराठी वाचताना कुठे अडतात. बसमध्ये ती लिरिलचा अहवाल चाळते. वाडा भागात आणि कर्नाटकातल्या यादगीरला पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेऊन केलेला तो अभ्यास. तिसरीतल्याही बऱ्याच मुलांना ओघाने वाचता येत नव्हतं.

१०.४५. जिल्हा परिषदेची शाळा, व्हरांडा. एकेक मूल समोर बसतं, छोटी गोष्ट वाचतं, ती खुणा करते. शब्द बरोबर आला की टिक. चुकला तर मुलाने जे वाचलं ते वर लिहायचं. स्वतःच सुधारला तर वेगळी खूण. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांची ही पद्धत. मधे सांगायचं नाही, हेच अवघड. ‘किडा’पाशी मुलगी थांबते. वेलांटी कागदावर आधी, तोंडात नंतर. ‘कडा,’ ती म्हणते. बोट मागे नेते. ‘किडा.’ ओठ मिटून बसलेली ताई खूण करते.

१२.१०. आता लिहिणं. एकाने टेम्पो काढलाय, खाली लिहिलंय ‘गड’. गाडीचा काना नाही, वेलांटी नाही. पण दोन्ही अक्षरं जागेवर. ती तारीख टाकून फोटो काढते. वहीत अशाच शब्दांवर लाल फुल्या आहेत. गुरुजींना नावं ठेवू नयेत. पहिली-दुसरी एकत्र सांभाळून वर ऑनलाइन माहिती भरायची. वही उघडली हेच खूप.

१.३०. खिचडी. तिच्या यादीत दिवाळीपूर्वी बारा नावं होती, आज आठ मुलं आली.

‘ताई, ती चौघं नाय येणार आता,’ डाव धुता धुता मदतनीस बाई सांगतात. ‘वीटभट्टीवर गेली, आईबापासंगं. उचल घेतलेली ना.’

बाईंचं मानधन महिन्याला अडीच हजार. तरी ताटात खिचडी जास्तच वाढतात.

रात्री ९.००. खोलीवर मुलांच्या वाचनाचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवणं. वीस मिनिटांच्या आवाजाला दोन तास लागतात. मधेच कोंबडा आरवतो, शब्द बुडतो, परत मागे.

११.१५. मार्गदर्शकांचा मेसेज: ‘नमुना का घटला ते लिही.’ ती लिहीत नाही, आधी भट्टीचा पत्ता विचारून घेते. विटा पाडायचं काम पहाटे अंधारात सुरू होतं, ऊन चढलं की थांबतं. म्हणजे मुलांना गाठायचं तर अकरानंतर जायला हवं.