तंट्याची खबर आणि तिचा खर्च

नीरा डाव्या कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटलं की बारामती तालुक्यातल्या माळेगाव बुद्रुकच्या शिवारात रात्रीची झोप उडते. शेजपाळीत, म्हणजे पाणी घेण्याच्या ठरलेल्या पाळीत, नंबर रात्री दोनला लागला असेल, तर दोनलाच बॅटरी घेऊन दारं धरायला जावं लागतं. वरच्यानं पाणी उशिरा सोडलं, कुणी चारीचं दार मधेच फोडलं, खालच्याच्या उसाची निम्मी सरी कोरडी राहिली, की सकाळी टपरीवर विषय निघतो. पुढच्या आवर्तनाला तेच झालं, की दोन घरांचं बोलणं बंद होतं. मग बांध कोरला जातो, वहिवाटीच्या रस्त्यावर काटे पडतात आणि एके दिवशी खोऱ्यानं कुणाचं तरी डोकं फुटतं. ठाण्यात नोंद होते ती डोकं फुटल्यावर. त्याआधी महिनाभर ही गोष्ट टपरीवाल्याला ठाऊक असते, पाटकऱ्याला ठाऊक असते आणि शेजारच्या वस्तीवरच्या बाईला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक असते.

ही खबर वेळेत गोळा करायची, तिच्यावर वेळेत माणूस धाडायचा आणि त्या कामाला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आज अनेक देशांना पडला आहे. महाराष्ट्रानं त्याचं एक उत्तर गावोगाव देऊन पाहिलं. ते उत्तर म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम.

15 ऑगस्ट 2007 रोजी ती सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ग्रामविकास खात्यात असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून गावांना स्पर्धेला लावलं होतं. गाव एकदा ईर्ष्येला पेटलं की रस्ते लोटून काढतं, हे त्यांनी पाहिलं होतं. तोच मार्ग त्यांनी भांडणांसाठी वापरला. ग्रामसभेनं तंटामुक्त गाव समिती निवडायची. तिच्यात सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक आणि बीट हवालदार यांच्या जोडीला गावातल्या महिला, मागासवर्गीय, शिक्षक, डॉक्टर असे लोक घ्यायचे. समितीनं गावातले सगळे तंटे नोंदवहीत उतरवायचे.

या नोंदवहीकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण माझ्या मते मोहिमेचं खरं यंत्र तेच होतं. दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशी तंट्यांची वर्गवारी करायची. बांधाचा वाद, पोटहिस्सा, भावकीतली वाटणी, पोटगी, शिवीगाळ, मारहाण, सगळं नावानिशी लिहायचं. कुठला तंटा कोर्टात आहे, कुठला तहसीलदारांपुढे आहे आणि कुठला अजून कुठेच गेलेला नाही, हेही टिपायचं. शेवटचा प्रकार सगळ्यांत मोलाचा. ज्या भांडणाची सरकारदरबारी एकही ओळ नाही, त्याची पहिली ओळ इथे पडते. तोवर जे टपरीवर बोललं जात होतं ते कागदावर येतं, त्याला तारीख मिळते, आणि पुढच्या बैठकीत ‘त्याचं काय झालं?’ असं विचारता येतं.

मोहिमेचे दोन हेतू होते: असलेले तंटे सामोपचारानं मिटवणं आणि नवे होऊ न देणं. दुसऱ्या हेतूसाठी समित्यांनी अनेक ठिकाणी चांगली कामं केली. गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ आधी ठरवून घेणं, दारूच्या अड्ड्यांवर लक्ष ठेवणं, निवडणुकीच्या तोंडावर दोन्ही गटांना एकत्र बसवणं. घरच्यांचा विरोध असलेल्या कितीतरी आंतरजातीय जोडप्यांची लग्नं तंटामुक्ती अध्यक्षांच्या साक्षीनं लागली. त्या लग्नांमुळे टळलेलं रक्त कुठल्याच आकडेवारीत दिसणार नाही.

आता पैशाकडे येतो. मोहिमेत पैसा होता, पण तो शेवटी मिळायचा. मूल्यमापन व्हायचं, गुण पडायचे, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे 1 लाखापासून 10 लाखांपर्यंत पुरस्कार मिळायचा. लहान ग्रामपंचायतीला ही रक्कम मोठी होती आणि तिनं गावं हलवली, हे मान्यच करायला हवं. पण बक्षीस निकालाला मिळतं, रोजच्या राबण्याला नाही. वर्षभर बैठकांची निरोपानिरोपी करणारा, वही लिहिणारा, स्वतःचं पेट्रोल घालून वाड्यावस्त्यांवर जाणारा माणूस पदरमोड करत राहिला. शिवाय गुण मिटवलेल्या तंट्यांना होते. त्यामुळे चार दिवसांत आपोआप निवणारी कुरबुर वहीत चढवून ‘मिटली’ म्हणून दाखवण्याचा मोह व्हायचा, आणि जे खरोखर धुमसतंय ते लिहिलं तर गाव मागे पडेल, अशी भीती असायची. पूर्वसूचनेच्या कामात यापेक्षा वाईट दुसरं काही नाही. धोका कळवणाऱ्याचं नुकसान होत असेल तर धोका कुणी कळवणार नाही.

एक काळजी मला आजही वाटते. खून, बलात्कार, अॅट्रॉसिटी हे गुन्हे कायद्यानं तडजोडीचे नाहीत, ते समितीपुढे येताच कामा नयेत. पण गावातला मिटवामिटवीचा दबाव कायदा विचारून येत नाही. ‘गावाचा पुरस्कार जाईल, तक्रार नको’ हे वाक्य जिथे एखाद्या बाईला किंवा दलित कुटुंबाला ऐकवलं जातं, तिथे शांतता नसते, फक्त आवाज बंद झालेला असतो. असा आवाज न मिटवता थेट ठाण्यापर्यंत पोचू देणं हे समितीचं पहिलं काम आहे.

बक्षिसाशिवाय खबर घेण्याचं आणि तंटे मिटवण्याचं काम होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि ते करून दाखवणारा माणूस बारामती तालुक्यातलाच आहे. सुरेश खोपडे 1988 साली पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत गेले. यंत्रमागांचं हे शहर 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेलं होतं. 1970 च्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगानं केली होती. शांतता कमिटी तेव्हाही असायची. तिच्यात पुढारी आणि प्रतिष्ठित लोक असायचे, आणि ती सणाच्या आधी बसायची. खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येनं घेतले, आणि पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं घेतली: यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, हातगाडीवाले. या समित्या सण असो वा नसो, नियमानं बसायच्या. नळावरचं भांडण, भाडेकरूचा वाद, पोरांची मारामारी, असल्या अदखलपात्र तक्रारी दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र बसून सोडवायच्या. त्या निमित्तानं एकमेकांची नावं, घरं, पोरंबाळं माहीत झाली. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस तयार झाला.

6 डिसेंबर 1992 रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. तेव्हा खोपडे यांची बदली झालेली होती, शहर गुलाबराव पोळ यांच्याकडे होतं. माणूस गेला तरी रचना उभी राहिली, याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकारानं मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली.

भिवंडीच्या प्रयोगाला वेगळा निधी नव्हता असं म्हणतात. मला ते पटत नाही. निधी होता, तो ड्यूटीच्या तक्त्यात होता. बीटवरच्या हवालदारानं आणि फौजदारानं अमुक दिवशी अमुक मोहल्ल्यात बसायचं, हे त्याचं कामच ठरवून दिलेलं होतं, आणि त्या तासांचा पगार सरकार देत होतं. पुढे ते तास दुसरीकडे वळले. 5 जुलै 2006 रोजी पोलीस ठाण्याच्या जागेच्या वादातून भिवंडी पुन्हा पेटली. गोळीबारात दोघे गेले आणि त्याच रात्री जमावानं दोन पोलिसांचा जीव घेतला. ती जागा वादात आहे हे शहरात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. तोवर मोहल्ला समित्यांमधला जुना जीव उरला नव्हता.

आपल्या पुणे जिल्ह्यातही अशी उदाहरणं आहेत. डिसेंबर 2017 च्या अखेरीस वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तणाव झाला, गुन्हे दाखल झाले. दोन-तीन दिवसांतच, 1 जानेवारी 2018 रोजी कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात हिंसा उसळली. त्यासाठी न्या. जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. बारामतीला लागून असलेल्या दौंड तालुक्यात यवतला 26 जुलै 2025 रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि 1 ऑगस्टला एका आक्षेपार्ह पोस्टवरून जाळपोळ झाली. दोन्ही वेळी खबर होती, मधले दिवसही होते. त्या दिवसांत कोण कुणाच्या दारात जाऊन बसणार, हे आधीपासून ठरलेलं असायला हवं. ऐन वेळी बोलावलेली बैठक ओळखी तयार करू शकत नाही.

गावात हे काम ज्याच्याकडे कायद्यानं आहे तो पोलीस पाटील. त्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967. गावाच्या शांततेला धोका दिसला की वर कळवायचं, हे त्याचं कर्तव्य. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारनं पोलीस पाटलाचं मानधन 6,500 वरून 15,000 रुपये करण्याचा निर्णय घेतला. माझ्या दृष्टीनं महाराष्ट्रात पूर्वसूचनेवर झालेला हा सर्वांत शहाणा खर्च आहे, जरी कुणी त्याकडे तसं पाहिलं नाही. साधा हिशोब करा. 15,000 प्रमाणे वर्षाला 1 लाख 80 हजार होतात. माळेगावसारख्या मोठ्या गावाला तेव्हा मिळू शकणाऱ्या 10 लाखांच्या एका पुरस्कारात असा एक माणूस साडेपाच वर्षं कामाला राहतो.

दुसरा शहाणा खर्च म्हणजे सोडून दिलेला महसूल. जानेवारी 2023 मध्ये आलेली सलोखा योजना अशी आहे: एकाच्या नावची जमीन दुसरा कसतोय आणि त्याची जमीन पहिला कसतोय, असा ताबा किमान 12 वर्षं चालत आला असेल, तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा. मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. याआधी शुल्काच्या रकमेकडे पाहूनच लोक वाद तसाच पुढच्या पिढीकडे सोपवायचे. बांधावरून कुऱ्हाडी निघालेल्या गावाला या दोन हजारांची किंमत वेगळी सांगायला नको.

वेळेत खबर आणि वेळेत पैसा, हा प्रश्न दुसऱ्या देशांनीही सोडवून पाहिला. केनियाच्या वजीर जिल्ह्यात नव्वदीच्या सुरुवातीला पोटजमातींमधल्या हाणामाऱ्यांनी बाजार उठायची वेळ आली होती. तिथल्या बायकांनी बाजारातच देखरेख सुरू केली. कुठल्याही पोटजमातीच्या बाईला विकायला किंवा विकत घ्यायला अडवलं जाणार नाही, आणि अडवलं तर त्याच दिवशी मध्ये पडायचं. यातून शांतता समिती उभी राहिली. तिच्या प्रणेत्यांपैकी एक, डेखा इब्राहिम अब्दी यांना 2007 साली राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आपली मोहीमही त्याच वर्षीची. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी 2002 साली पूर्वसूचनेची सामाईक यंत्रणा उभारली आणि पुढे तिला तातडीच्या मदतीच्या निधीची जोड दिली. खबर आली की स्थानिक लोकांच्या हाती लहान रक्कम लगेच पडावी, हा त्याचा हेतू. गाडीचं भाडं, दोन दिवसांच्या बैठकीचं जेवण, पाण्याच्या जागेची दुरुस्ती. आपल्या तंटामुक्तीत नेमकी हीच तरतूद नव्हती. चारीचं मोडलेलं दार तीनशे रुपयांत वेल्डिंग करून मिळत असेल आणि त्यावरून दोन घरं एकमेकांच्या जिवावर उठत असतील, तर ते तीनशे रुपये कुणाच्या अधिकारात आहेत?

गृहखात्यातून आर. आर. पाटील गेले, 2015 साली ते आपल्यातूनही गेले, आणि मोहिमेचा जोर ओसरला. बऱ्याच गावांत अध्यक्षपद उरलं, वही बंद झाली. माळेगाव बुद्रुकपुढे आणखी एक अडचण आहे. इथे आता नगरपंचायत आहे. ग्रामसभा उरली नाही, म्हणजे समिती निवडणारी जागाच गेली. गाव मात्र शहर झालेलं नाही. शेजपाळी तशीच आहे, भावकी तशीच आहे, आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत घरातले दोन भाऊ दोन पॅनेलमध्ये असतात तेही तसंच आहे. तेव्हा नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात प्रत्येक प्रभागाच्या समितीसाठी एक लहान, पण दरवर्षी न चुकता येणारं शीर्ष हवं. वही लिहिणाऱ्याला मानधन, बैठकीचा खर्च आणि तातडीच्या कामासाठी हातात थोडी रोकड, इतकंच. माळेगावला स्वतंत्र पोलीस ठाणं आहे. बीट अंमलदाराचे महिन्यातले ठरलेले तास त्या बैठकीला बांधून द्यावेत. गुण नकोत, फलक नको. वहीत नोंदी वाढल्या तर समिती जागी आहे असं समजावं.

आणि या वहीत एक पान असं हवं, जे तंटामुक्तीच्या वह्यांत सहसा नव्हतं. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि कारखान्याच्या परिसरात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. आगाऊ घेतलेली उचल फिटली की नाही यावरून मुकादम आणि कोयत्यात, म्हणजे तोड करणाऱ्या जोडीत, वाद होतो, पाण्याच्या टाकीवरून स्थानिकांशी वाद होतो, रात्रीबेरात्री बायकांना त्रास होतो. हे लोक इथले मतदार नाहीत, म्हणून कुठल्याच समितीत नाहीत. गाळप सुरू व्हायच्या आधी प्रत्येक तळावरची एक बाई आणि एक गडी समितीवर घ्यावा, त्यांचा त्या दिवसाचा बुडालेला रोज या शीर्षातून भरून द्यावा, आणि पहिली बैठक कोपीवरच घ्यावी.