तलावाची पाळ आणि तांत्रिक शिक्षण

तांत्रिक शिक्षणाच्या परिभाषेत अलीकडे तीन शब्द फार वापरले जातात. गटकार्य, नव्या साधनांचा स्वीकार आणि शाश्वत रचना. २०१४ साली भारत अभियांत्रिकी शिक्षणाविषयीच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्याबरोबर पदवीधर विद्यार्थ्याच्या अंगी कोणते गुण असावेत याची बारा कलमी यादी आपल्या महाविद्यालयांत आली. पुढे तिची फेरमांडणी झाली, तरी हे तीन विषय तिच्यात राहिलेच. त्याच २०१४ साली केंद्राचे उन्नत भारत अभियान आणि २०१६ साली राज्याचे उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू झाले. विद्यार्थ्यांनी गावात जावे, तिथले प्रश्न अभ्यासावेत, तंत्रज्ञानाच्या साहाय्याने उत्तरे शोधावीत, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. परंतु गट म्हणजे कोण, साधन कोणाच्या हाती आणि शाश्वत म्हणजे काय टिकवायचे, हे प्रश्न विचारल्याशिवाय ती आपल्या समाजात चांगल्या रीतीने राबवली जाणार नाही. भंडारा जिल्ह्याच्या अनुभवावरून हे प्रश्न मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

हे प्रश्न आपल्या चळवळीला नवे नाहीत. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात केवळ कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण त्यांना मिळाले पाहिजे व त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी होती. त्या काळात ते व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेची आखणी आणि १९४५ साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पाण्याचे तंत्र आणि माणसाचा हक्क हे दोन वेगळे विषय आहेत असे त्यांनी कधी मानले नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जाणारा माणूसच पुढे नद्यांच्या खोऱ्यांचा विचार करत होता, हे आपण विसरतो.

आता भंडाऱ्याकडे येऊ. हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. त्यापूर्वी दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. पूर्व विदर्भातील पाच जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक मामा तलाव म्हणतात. जमिनीच्या उताराला आडवी मातीची पाळ घालायची, वरच्या जंगलातून येणारे पाणी अडवायचे, जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात किंवा बोडीत सोडायचे आणि धानाला ताण बसू लागला की तुडुमातून पाणी काढून एका बांधीतून दुसऱ्या बांधीत न्यायचे, अशी ही रचना आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की तळातला गाळ शेतात जातो. त्यामुळे तलावही खोल राहतो आणि जमिनीलाही खत मिळते. विजेवाचून, सिमेंटवाचून चालणारी ही व्यवस्था काही शतके टिकली. शाश्वत रचनेचा याहून चांगला धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळेल असे मला वाटत नाही.

परंतु हा धडा अर्धा आहे. तलाव टिकला हे खरे. त्याच्याबरोबर आणखी काय टिकले? तलाव बांधण्याचे कौशल्य आणि श्रेय कोहळी समाजाकडे जाते व ते योग्यच आहे. पण तलावाभोवतीचे सगळे जीवन जातीजातींत वाटलेले होते. मालकी मालगुजाराची. मासे आणि शिंगाडे ढिवरांकडे. गावाच्या शिवेची राखण आणि निरोप महारांकडे. शिवेचा तंटा झाला तर खूण कुठे आहे ते महाराला विचारायचे, पण त्या शिवेच्या आतली जमीन मात्र बहुधा दुसऱ्याची. टोपलीने माती वाहून ज्यांनी पाळ उभी केली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ज्ञान सर्वांकडे थोडे थोडे होते, हक्क मात्र सर्वांकडे नव्हते. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले, त्याचा अर्थ तलावाच्या पाळीवर उभे राहिले की कळतो. एकमेकांच्या कामावाचून ज्यांचे चालत नव्हते, ती माणसे एकत्र बसू शकत नव्हती. याला सहकार्य म्हणायचे काय?

आता महाविद्यालयातील गटाविषयी. मी स्थापत्य विषय शिकलो आणि पुढे तोच शिकवला. विद्यार्थी असताना मोजणीच्या प्रात्यक्षिकाला आमचा पाचजणांचा गट होता. एकाने तिपाईवरच्या लेव्हल यंत्रातून पाहायचे, एकाने आकडे लिहायचे, एकाने उंच मोजपट्टी, म्हणजे स्टाफ, घेऊन चिखलात उभे राहायचे. तीन वर्षे तो स्टाफ माझ्याकडे राहिला. यंत्राला हात लावू नकोस, असे मला कोणी म्हटले नाही. भांडणही झाले नाही. आम्ही मित्रच होतो, डबाही एकत्र खात होतो. यंत्र आपोआप ज्यांच्याकडे जायचे त्यांच्याकडे जात होते आणि मी आपोआप स्टाफ उचलत होतो. शेवटच्या परीक्षेत परीक्षकांनी यंत्रातला बुडबुडा मध्यावर आणायला सांगितले, तेव्हा माझ्या बोटांना ते स्क्रू ओळखीचे नव्हते. गटाला उत्तम गुण होते. गटातल्या एका माणसाला मात्र त्या विद्येचे मुख्य साधन वापरता येत नव्हते. गटकार्याचे गुण गटाला एकत्र दिले की हा प्रकार झाकला जातो, हे मी तिथे शिकलो.

शिक्षक झाल्यावर मी नियम केला. प्रत्येक स्थानकावर कामे बदलायची. यंत्र, नोंदवही आणि स्टाफ तिन्ही प्रत्येकाच्या हातून गेले पाहिजेत. वेळ जास्त लागला. मुले कुरकुरली. पण वर्षाच्या शेवटी असा विद्यार्थी राहिला नाही की ज्याने यंत्रातून पाहिलेच नाही. मुलींच्या बाबतीतही हेच दिसले. गटात मुलगी असली की तिच्याकडे अहवालाचे सुंदर अक्षर किंवा संगणकावरचे टंकलेखन जाते आणि शेतात जाणे, यंत्र लावणे, सर्वांसमोर मांडणी करणे मुलांकडे राहते. सवर्ण मुलीलाही हे भोगावे लागते, दलित मुलीला दुहेरी.

एकदा आम्ही एका मामा तलावाची पाळ मोजायला गेलो. पाळीवर बसलेल्या एका वृद्ध ढिवराने, पाळ कुठे खचली आहे आणि पाणी पहिल्यांदा कुठून फुटेल, ते काठीने दाखवले. दुपारभर यंत्र लावून आम्ही काढलेला सर्वांत खोल बिंदू त्या जागेपासून फार दूर नव्हता. मुलांनी अहवाल लिहिला. त्यात यंत्राचे नाव होते, कंपनीचे नाव होते, त्या म्हाताऱ्याचा उल्लेख नव्हता. मी अहवाल परत केला. माहिती देणारा माणूस हाही गटाचा सभासद आहे. त्याचे ऋण लिहिल्याशिवाय संशोधन पुरे होत नाही, ते उसनवारी ठरते.

साधनांच्या स्वीकाराचेही असेच आहे. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजार गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या जागी गावाची समान हक्काची व्यवस्था आली नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, देखभाल ढिली पडली, तळ गाळाने भरले. मत्स्योत्पादन वाढावे म्हणून कटला, रोहू, मृगल यांचे बीज आले. उत्पादनाचा हेतू चांगला होता, पण बीज दरवर्षी विकत आणावे लागते, आणि मरळ, शिंगी यांसारखे स्थानिक मासे कमी होत गेले. काठावर बेशरम वाढली. या प्रश्नावर भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर जुन्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागात काम केले. बेशरम काढली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, माशांच्या व वनस्पतींच्या नोंदी केल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला हवी हे ढिवर स्त्रीपुरुषांना माहीत होते. त्या माहितीला तिथे अभ्यासाचा दर्जा मिळाला. उपयोजित संशोधन म्हणतात ते हेच.

रोवणीचे उदाहरण घ्या. आषाढात बायांची टोळी वाकून पऱ्हे लावते. तिच्याइतकी एकजुटीची टोळी मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिली नाही. ओळीत रोवणी करा, मधून कोनोवीडर फिरवा, असा सल्ला आला. ही पद्धत १९८० च्या दशकात मादागास्करमध्ये आकाराला आली आणि तिच्यात गुण आहेत. पण निंदण बाया करतात, आणि चिखलात ढकलायचे ते अवजार बाईच्या उंचीचा, ताकदीचा विचार न करता बनले तर ते कोपऱ्यात पडून राहते. मग आपण म्हणतो, खेड्यातले लोक नवे स्वीकारत नाहीत. रोवणीचे यंत्र आले तर कंबरमोड वाचेल, हे खरेच आहे; यंत्राला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही. पण भूमिहीन बाईची त्या दिवसांची मजुरी कुठून येणार आणि ते यंत्र चालवायला तिला कोण शिकवणार, हे दोन प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर असले पाहिजेत.

गावाचा आराखडा करायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यामागच्या वादांत त्यांच्या शेतातून जाणाऱ्या वाटेचा वादही होता. रस्त्याची आखणी हा केवळ उतार आणि वळण यांचा प्रश्न आहे असे पुस्तक सांगते. गावात मात्र रेषा कोणाच्या शेतातून जाते, ती कोण ठरवते आणि नाही म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, याला जीवनमरणाचे मोल असते. एका संध्याकाळी पाटलाच्या ओसरीवर चहा घेऊन भरलेली प्रश्नावली हे सर्वेक्षण नव्हे. वस्तीत जाऊन, तिथल्या बायांसमोर नकाशा उघडल्याशिवाय नकाशा पुरा झाला असे मानू नये.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. गटाची कामे फिरती ठेवा आणि कोणी काय केले याची नोंद ठेवा. गुण देताना अहवालाबरोबरच प्रत्येकाच्या हाताची परीक्षा घ्या. नवे साधन आणताना ते कोण चालवील, कोण दुरुस्त करील आणि कोणाची भाकरी जाईल, हे विचारा. रचना शाश्वत आहे असे म्हणण्यापूर्वी तिच्यातल्या पाण्यावर, वाटेवर, माशावर कोणाचा हक्क राहतो ते पाहा. आणि अभ्यासाचा निष्कर्ष मराठीत, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर वाचून दाखवा; चुकला असेल तर तेच दुरुस्त करतील.

तलाव वाचले पाहिजेत. त्यांच्याबरोबर आलेली उतरंड वाचवण्याची मात्र गरज नाही. पाण्याची रचना ठेवून माणसांची रचना बदलणे, हे ज्या दिवशी आपल्या तांत्रिक शिक्षणाचे काम होईल, त्या दिवशी स्टाफ धरणारा मुलगा यंत्राकडे येईल आणि यंत्रामागचा मुलगा चिखलात उतरेल. पाळ दोघांनाही सारखीच दिसायला हवी.